सी प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो, पण झेड८० बोर्ड ढिम्म: एसडीसीसी वापरणाऱ्यांसाठी समस्या निवारण

झेड८० या आठ-बिट प्रोसेसरवर एसडीसीसी या सी कंपायलरने प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. कंपायलर चूक दाखवत नाही, हेक्स फाइल तयार होते, रॉम लिहून बसवली की बोर्ड गप्प. पहिला संशय कंपायलरवर जातो, दुसरा चिपवर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष निघतात. दोष असतो दोघांच्या सांध्यात: मेमरी कुठे आहे, स्टॅक कुठे ठेवला, सुरुवातीची असेंब्ली फाइल कुठून उचलली आणि फंक्शनला आकडे कसे पोचवले जातात, या ठिकाणी. कंपायलरला तुमचा बोर्ड दिसत नाही. तुम्ही सांगितलं नाही, तर तो स्वतःचा अंदाज धरून चालतो.

खालचे सगळे पत्ते आणि बाइटमधले आकडे हेक्समध्ये आहेत; आकार आणि मोजमापं नेहमीच्या दशमानात. ऑप्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना रोमन अक्षरं आणि आधी दोन डॅश; एकाच अक्षराच्या ऑप्शनला एकच डॅश.

आधी लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कुठलं ते ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. तपासता तपासता एक लक्षण जाऊन दुसरं आलं, तर ती प्रगती असते, पण लिहिलेलं नसेल तर तेच जुनं वाटतं.

- रीसेटनंतर काहीच नाही. ना एलईडी, ना सिरियलवर अक्षर.
- प्रोग्राम चालतो, पण सुरुवातीला किंमत दिलेले ग्लोबल व्हेरिएबल भलतंच दाखवतात.
- अक्षरं येतात, पण चुकीची. किंवा एकच अक्षर पुन्हा पुन्हा.
- काही सेकंद किंवा काही मिनिटं नीट चालून अडकतो.
- काही तासांनी फक्त टायमर किंवा कीबोर्ड मरतो, मुख्य लूप मात्र चालू राहतो.
- सिम्युलेटरवर चालतो, बोर्डावर नाही.
- तोच कोड मित्राच्या लॅपटॉपवर कंपाइल केला तर चालतो, तुमच्या लॅपटॉपवर नाही.
- उलटी मोजणी करणारा लूप संपतच नाही.
- दशांश आकडा छापायला सांगितला की त्या जागी कंसात ‘नो फ्लोट’ उमटतं.

शेवटचं लक्षण इथेच निकालात काढू. एसडीसीसीच्या तयार लायब्ररीतल्या प्रिंटएफमध्ये फ्लोट छापण्याची सोय बंद ठेवलेली असते, कारण तिने रॉम फुगते. आकडा शंभरपट करून पूर्णांकात ठेवा आणि दशांश टिंब स्वतः छापा. आठ-बिटवर तेच शहाणपणाचं.

१. चिपवरचं नाव वाचा

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. महाराष्ट्रातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत मायक्रोप्रोसेसरचा किट म्हटलं की बहुधा ८०८५ चा. ८०८५ आणि झेड८० दोघेही ८०८० च्या घराण्यातले, म्हणून झेड८० साठी कंपाइल केलेला कोड त्यावर चालेल असं वाटतं. चालत नाही. झेड८० ने ८०८० च्या सूचनांत बरीच भर घातली, आणि एसडीसीसी ती मोकळ्या हाताने वापरतो: जेआर, एलडीआयआर, आयएक्स आणि आयवाय रजिस्टरं. यातलं काहीच ८०८५ ला कळत नाही. वाईट म्हणजे तो थांबतही नाही. झेड८० मधली ‘शून्य नसेल तर जवळ उडी’ ही २० ची सूचना ८०८५ वर रिम होते, ३० ची सिम. म्हणजे उडी घ्यायच्या जागी प्रोसेसर इंटरप्टचे मास्क वाचत-बदलत बसतो आणि पुढचा अंतराचा बाइट सूचना समजून चालवतो.

८०८० किंवा ८०८५ साठी झेड८८डीके हा सी कंपायलरांचा संच घ्या आणि त्यातला एससीसीझेड८० हा कंपायलर निवडा. त्यात या दोन्ही प्रोसेसरांची सोय आहे. झेड८८डीकेमध्येच झेडएसडीसीसी नावाने एसडीसीसीची बदल केलेली आवृत्तीही असते. ती मात्र निवडू नका, नाहीतर फिरून तिथेच याल.

२. आवृत्ती पाहा

मित्राच्या लॅपटॉपवर चालतं आणि तुमच्याकडे नाही, तर बाकी काही करण्याआधी दोन्हीकडे ‘व्हर्जन’ ऑप्शन देऊन आकडा बघा. उबुंटू २२.०४ च्या भांडारातून एसडीसीसी ४.०.० येतो, डेबियन १२ मध्ये ४.२.०. फरक दिसायला किरकोळ आहे, पण या दोघांच्या मध्ये झेड८० साठी फंक्शनला आकडे पोचवण्याची मूळ पद्धतच बदलली. सगळं सी मध्ये असेल तर ते जाणवत नाही. एखादी असेंब्ली फाइल जोडलेली असेल तर घोळ अटळ. सविस्तर सहाव्या तपासणीत.

जुनी रिल फाइल (कंपाइल झालेली, पण अजून लिंक न झालेली) नव्या कंपायलरच्या फाइलींशी लिंक होत असेल तर तीही पुसा. मेक वापरणाऱ्यांनी आवृत्ती बदलल्यावर एकदा तरी सगळं मुळापासून बनवावं.

३. लिंकरची कुरकुर ऐका

स्क्रीनवर भराभर सरकून जाणाऱ्या ओळींत ‘अनडिफाइन्ड ग्लोबल’ शोधा. लिंकर हे वॉर्निंग म्हणून छापतो, आणि हेक्स फाइल तरीही फोल्डरमध्ये पडलेली असू शकते, कदाचित कालचीच. फाइलची वेळ तपासा.

सापडलं, तर दोनच कारणं नेहमीची. एक, सी मधल्या नावाला असेंब्लीत सुरुवातीला एक अंडरस्कोर लागतो. मेनचं असेंब्लीतलं नाव अंडरस्कोर-मेन. दुसरं, लेबलच्या शेवटी दोन कोलन न देता एकच दिला, त्यामुळे ते बाहेरच्या फाइलींना दिसत नाही.

४. मॅप फाइल उघडा: रॅम कुठे, स्टॅक कुठे

‘काहीच होत नाही’ या लक्षणाचं सगळ्यात मोठं कारण इथे सापडतं, म्हणून ही तपासणी घाईत उरकू नका.

झेड८० साठी एसडीसीसी काही सांगितलं नाही तर असं धरतो: कोड २०० पासून, डेटा ८००० पासून. त्याच्यासोबत येणारी सीआरटी०, म्हणजे मेनच्या आधी चालणारी असेंब्ली फाइल, स्टॅक पॉइंटरमध्ये ०००० भरते. पहिला पुश होताना तो एकने खाली घसरून एफएफएफएफवर जातो. म्हणजे तुमच्या बोर्डावर ८००० ते एफएफएफएफ सलग रॅम आहे, असं गृहीत धरलं. ६२२५६ ही ३२ किलोबाइटची रॅम वरच्या अर्ध्या भागात बसवली असेल तर ते गृहीत खरं ठरतं. आरसी२०१४ या झेड८० च्या तयार किटच्या मूळ मांडणीत म्हणूनच फारसं अडत नाही.

पण ६११६ ची २ किलोबाइट रॅम ८००० वर बसवली असेल, तर एफएफएफएफ हवेत आहे. सीआरटी० पहिलाच कॉल करते तो ग्लोबल व्हेरिएबल भरणाऱ्या भागाला. परतीचा पत्ता हवेत लिहिला जातो, परत येताना बसवर जे काही तरंगतंय ते उचललं जातं, आणि प्रोसेसर गेला. मेनची पहिली ओळसुद्धा चालत नाही. मग ‘एलईडी लावून पाहिला, तरी काही नाही’ हे साहजिकच.

मधलाच एक फसवा प्रकार आहे. ६२६४ ची ८ किलोबाइट रॅम आहे आणि तिला फक्त ए१५ या सगळ्यात वरच्या पत्त्याच्या तारेवरून निवडलंय. तेव्हा तीच रॅम वरच्या ३२ किलोबाइटमध्ये चार वेळा दिसते, एफएफएफएफवर लिहिलेलं ९एफएफएफलाही मिळतं, आणि प्रोग्राम योगायोगाने चालतो. पुढे नीट डिकोडर (पूर्ण पत्ता पाहून चिप निवडणारा भाग) बसवला की तोच प्रोग्राम बंद पडतो आणि दोष डिकोडरवर येतो.

उपाय: सीआरटी० ची स्वतःची प्रत करा, स्टॅक पॉइंटरची ओळ बदला (२ किलोबाइट रॅम ८००० वर असेल तर ८८००), ती असेंबल करा आणि ‘नो-एसटीडी-सीआरटी०’ ऑप्शन देऊन जोडा. जोडताना तुमची सीआरटी० ची रिल फाइल यादीत पहिली हवी. कुठला विभाग कुठल्या क्रमाने बसणार हे लिंकर पहिल्या फाइलीवरून ठरवतो. ती दुसरी गेली तर क्रम बिघडतो, आणि रॉममध्ये राहायला हवेत ते सुरुवातीचे आकडे रॅमच्या पत्त्यावर जाऊन बसू शकतात. आउटपुटचं नाव ‘ओ’ ऑप्शनने द्यायला विसरू नका, नाहीतर हेक्स फाइल पहिल्या फाइलीच्या नावाने तयार होते आणि तुम्ही जुनीच फाइल रॉमवर लिहीत बसता.

आता लिंकरने लिहिलेल्या मॅप फाइलमधले आकडे. ‘एस’ ने सुरू होणारी नावं विभागाची सुरुवात सांगतात, ‘एल’ ने सुरू होणारी लांबी. कोडची सुरुवात अधिक लांबी रॉमच्या आत राहते का? २७सी६४ म्हणजे ८ किलोबाइट, शेवटचा पत्ता १एफएफएफ. डेटा संपतो तिथपासून स्टॅकच्या टोकापर्यंत किती जागा उरते? २ किलोबाइटच्या बोर्डावर ३०० बाइटपेक्षा कमी उरत असेल आणि प्रिंटएफ वापरत असाल, तर ते ओढूनताणून चाललंय असं समजा. प्रिंटएफ एकदा बोलावला की कित्येक किलोबाइट कोड मागे येतो. एक ओळ छापणारा पुट्स पुरत असेल तर तोच वापरा.

‘कोड-लॉक’ ०००० करून जागा वाचवण्याचा मोह टाळा. तयार सीआरटी० चे रीसेट आणि आरएसटीचे (ठरलेल्या पत्त्यावर जाणाऱ्या छोट्या कॉलचे) पत्ते तळाशी असतात आणि तिची सुरुवात १०० वर. कोड त्यांच्यावर चढला तर लिंकर हटकेलच असं नाही.

प्रोग्राम रॉममध्ये न लिहिता मॉनिटरमधून (प्रोग्राम उतरवून चालवणारा, रॉममधला छोटा प्रोग्राम) रॅममध्ये उतरवत असाल, तर गणित वेगळं. ०००० वर मॉनिटर बसलेला आहे, तेव्हा तयार सीआरटी० उपयोगाची नाही. सुरुवात ८००० वर, ‘कोड-लॉक’ त्याच्या थोडा पुढे, आणि ‘डेटा-लॉक’ ० दिला की डेटा कोडच्या मागोमाग बसतो. मॉनिटरने ठेवलेला स्टॅक पुरेसा असेल तर स्टॅक पॉइंटरला हात लावू नका; तरच काम संपल्यावर मॉनिटरकडे परत जाता येतं. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी प्रोग्राम १०० वर उतरतो आणि ०००० वर बायोसची उडी असते, तिच्यावर काही लिहायचं नाही. सीपी/एमच हवं असेल तर झेड८८डीकेचं सीपी/एम टार्गेट वापरा. तिथे ही सगळी मांडणी तयार मिळते. हाताने करण्यात पुण्य नाही.

५. बायनरी फाइलचे पहिले बाइट

हेक्स एडिटरमध्ये बायनरी उघडा. तयार सीआरटी० असेल तर ०००० वर सी३ ०० ०१ दिसायला हवं, म्हणजे ‘१०० वर उडी’. १०० वर ३१ ०० ०० (स्टॅक पॉइंटर) आणि लगेच सीडी, म्हणजे कॉल. इंटेल हेक्स फाइलीत उडीचे तीन बाइट असलेल्या ओळीच्या शेवटी तपासणीचा बाइट ३९ येतो.

हे दिसत नसेल तर गडबड रूपांतरात आहे. हेक्सची बायनरी करणारं मेकबिन हे साधन, आकार सांगितला नाही तर, ३२७६८ बाइटची फाइल बनवतं. ८ किलोबाइटच्या चिपसाठी ‘एस’ ऑप्शनने ८१९२ द्या. ऑब्जकॉपी हे दुसरं रूपांतराचं साधन वापरत असाल तर ते फाइल पहिल्या सापडलेल्या पत्त्यापासून सुरू करतं. प्रोग्राम ८००० पासूनचा असेल तर ८००० वरचा बाइट फाइलीत पहिला येतो. मॉनिटरमधून उतरवायला हे बरोबर, रॉमसाठी नाही.

ग्लोबल व्हेरिएबल भलतंच दाखवत असतील तर चूक बहुधा तुमच्या सीआरटी० मध्ये आहे. ‘इंट क = ५’ मधला ५ रॉममधल्या इनिशिअलायझर विभागात राहतो. सुरुवातीला तो एलडीआयआरने (बाइटांचा गठ्ठा हलवणारी सूचना) रॅममधल्या इनिशिअलाइज्ड विभागात उतरवावा लागतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या सीआरटी० फाइलींत ही नक्कल करणारा तुकडाच नाही. किंमत न दिलेल्या व्हेरिएबलांत शून्य भरण्याचं कामही त्यांत नसतं. सी चा नियम शून्याचा आहे, पण रॅममध्ये चालू करताना कचराच असतो. दुसऱ्याची जुनी फाइल घेण्यापेक्षा तुमच्या एसडीसीसीसोबत आलेली सीआरटी० उघडा आणि तिच्यातच बदल करा. नक्कल करताना लांबी शून्य आहे का हे आधी तपासलेलं असतं, ती ओळ उडवू नका. बीसी या लांबीच्या रजिस्टरमध्ये शून्य असताना एलडीआयआर चालवला तर तो पूर्ण ६४ किलोबाइट फिरून येतो.

६. असेंब्ली आणि सी यांच्यातला करार

अक्षरं चुकीची येणं, काही वेळाने अडकणं, आणि ‘माझ्याकडे नाही चालत’ ही तिन्ही लक्षणं इथे एकत्र येतात.

४.२.० च्या आधी झेड८० साठीचा करार सोपा होता. फंक्शनला दिलेलं सगळं स्टॅकवर, उजवीकडून डावीकडे. उत्तर एक बाइटचं असेल तर एल रजिस्टरमध्ये, दोन बाइटचं असेल तर एचएल या जोडीमध्ये. स्टॅक साफ करायचा तो बोलावणाऱ्याने. वर्षानुवर्षांची उदाहरणं याच पद्धतीची आहेत.

४.२.० पासून, २०२२ साली, नवा करार आपोआप लागू झाला. पहिला आकडा एक बाइटचा असेल तर ए रजिस्टरमध्ये, दोन बाइटचा असेल तर एचएलमध्ये येतो. पहिला एमध्ये असताना दुसराही एक बाइटचा असेल तर एलमध्ये, दोन बाइटचा असेल तर डीईमध्ये. दोन्ही दोन-दोन बाइटचे असतील तर एचएल आणि डीई. उरलेले स्टॅकवर. उत्तर एक बाइटचं एमध्ये, दोन बाइटचं डीईमध्ये, एचएलमध्ये नव्हे. आणि आकड्यांची संख्या ठरलेली असून उत्तर जास्तीत जास्त दोन बाइटचं असेल, तर स्टॅक साफ करायचा तो बोलावलेल्या फंक्शनने.

आता जुना पुटचार घ्या. तो स्टॅकवर दोन बाइट वर जाऊन अक्षर उचलतो. नव्या करारात पुटचारला इंट मिळतो, म्हणजे अक्षर एलमध्ये आलेलं असतं, आणि स्टॅकवर त्या जागी भलतंच काही. तेच पोर्टवर जातं. बोलावणारा लूप तोच असेल तर तिथला बाइटही तोच राहतो, म्हणून एकच अक्षर पुन्हा पुन्हा. गेटचारचं उलट: जुना कोड अक्षर एचएलमध्ये ठेवून परततो, बोलावणारा डीईमध्ये शोधतो.

काही वेळाने अडकणं हे स्टॅक साफ न केल्याचं लक्षण. तीन आकडे घेणारं जुनं असेंब्ली फंक्शन तिसरा आकडा स्टॅकवरच सोडून परततं. दर फेरीला स्टॅक एक-दोन बाइट खाली सरकतो आणि शेवटी व्हेरिएबलांवर चढतो. गणित करून पाहा: १ किलोबाइट मोकळी जागा, दर फेरीला २ बाइट, म्हणजे ५१२ फेऱ्या. लूप जलद असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत, सेकंदाला एक फेरी असेल तर साडेआठ मिनिटांनी. अडकण्याची वेळ दरवेळी जवळपास सारखीच असेल, तर आधी इथे बघा. तापमान आणि सैल सॉकेट इतके वक्तशीर नसतात.

दुरुस्तीचे तीन मार्ग. पहिला, ज्या फंक्शनची असेंब्ली जुनी आहे त्याच्या घोषणेवर ‘एसडीसीसीकॉल(०)’ ही खूण (आधी दोन अंडरस्कोर) द्या. फक्त त्याच्यापुरता जुना करार चालतो. हा सगळ्यात बरा. दुसरा, संपूर्ण कंपाइलला ‘एसडीसीसीकॉल ०’ ऑप्शन देणं. हे सोपं दिसतं, पण तयार लायब्ररी नव्या कराराने बनलेली असते, आणि तिच्याशी तुमचा कोड भांडू लागतो. तिसरा, असेंब्ली नव्याने लिहिणं. लिहिताना एक युक्ती: त्याच नावाचं, तेवढेच आकडे घेणारं रिकामं फंक्शन सी मध्ये लिहा, कंपाइल करा आणि तयार झालेली असेंब्ली फाइल उघडून बघा. तुमच्या आवृत्तीचा खरा करार तिथेच लिहिलेला असतो. ध्यानात ठेवा, स्टॅकवर गेलेला एक बाइटचा आकडा एकच बाइट जागा घेतो, दोन नाही.

झेडएक्स स्पेक्ट्रम या झेड८० वर चालणाऱ्या जुन्या संगणकावर आणखी एक अट. त्याची रॉम आयवायमध्ये ५सी३ए आहे असं धरून इंटरप्ट चालवते. कंपायलरने आयवाय वापरला की गडबड. ‘रिझर्व्ह-रेग्ज-आयवाय’ ऑप्शन द्या.

७. कॅर आणि इंट

एसडीसीसी ३.६.० पासून साधा कॅर चिन्हाविना धरला जातो. कॅर क ७ पासून सुरू करून ‘क शून्यापेक्षा मोठा किंवा समान’ असा लूप लिहिला, तर शून्यानंतर २५५ येतो आणि लूप संपत नाही. साइन्ड कॅर स्पष्ट लिहा. इंट १६ बिटचा: ३०० गुणिले ३०० केलं तर ९०००० नाही, २४४६४ मिळतात. लाँग हवा असेल तर गुणाकाराच्या आधीच एका आकड्याला लाँग करा. उत्तर लाँगमध्ये साठवून उपयोग नाही, तोवर सांडून झालेलं असतं.

८. पोर्ट आणि इंटरप्ट

झेड८० मध्ये पोर्टांची जागा मेमरीपासून वेगळी असते. ८० क्रमांकाच्या पोर्टला पॉइंटरने लिहिलं तर ते मेमरीतल्या ८० पत्त्यावर जातं, जिथे बहुधा रॉम आहे. ‘एसएफआर’ आणि ‘अ‍ॅट’ हे शब्द (आधी दोन अंडरस्कोर) वापरून पोर्ट घोषित करा, आणि असेंब्ली फाइलीत खरंच आउट सूचना आली का ते पाहा.

इंटरप्ट मोड १ मध्ये प्रोसेसर ३८ वर जातो. तयार सीआरटी० तिथून नुसती परत येते; तुमच्या फंक्शनकडे जाणारी उडी तिथे तुम्हालाच घालावी लागते. मोड १ सुद्धा तुम्हीच निवडायचा, कारण रीसेटनंतर मोड ० असतो.

तासांनी फक्त टायमर मरतो हे लक्षण असेल, तर चिप एनमॉस (जुन्या पद्धतीने बनवलेली) आहे का बघा. झेड८४सी०० म्हणजे सीमॉस. मधला ‘सी’ नसेल, जसं झेड०८४०००४, तर एनमॉस. एसडीसीसी ‘क्रिटिकल’ विभागात (इंटरप्ट बंद ठेवून चालवायच्या कोडमध्ये) शिरताना इंटरप्ट चालू होते का हे ‘एलडी ए,आय’ या सूचनेने पाहतो. एनमॉस झेड८० मध्ये नेमकी याच सूचनेच्या वेळी इंटरप्ट आली, तर इंटरप्ट चालू असूनही ‘बंद’ असं उत्तर मिळतं. विभाग संपल्यावर कोड इमानदारीने त्या बंदच ठेवतो. योग जुळायला लाखो फेऱ्या लागतात, म्हणून तास लागतात. यासाठी ‘एनमॉस-झेड८०’ असा ऑप्शन आहे. तुमची आवृत्ती तो ओळखत नसेल, तर नवी घ्या किंवा क्रिटिकलऐवजी हाताने बंद-चालू करा.

९. सिम्युलेटर

एसडीसीसीसोबतच यूसिम येतो. जुन्या आवृत्तीत झेड८० साठीच्या प्रोग्रामचं नाव एसझेड८०, नव्यात यूसिम-झेड८०. मेनच्या पत्त्यावर थांबा (ब्रेकपॉइंट) लावा. तिथपर्यंत पोचत नसेल तर दोष अजून फाइलीतच आहे. सोल्डरिंग गन दूर ठेवा. पोचत असेल तरी लक्षात घ्या की सिम्युलेटरला सगळीकडे रॅम दिसते, म्हणून चौथ्या तपासणीतला दोष तो झाकतो.

१०. आता बोर्ड

रॉम प्रोग्रामरने ‘व्हेरिफाय’ करा, फक्त ‘राइट’ नाही. मग कंपायलर पूर्ण बाजूला ठेवून हाताने सात बाइटची रॉम लिहा: ३ई ५५ डी३, तुमच्या आउटपुट पोर्टचा क्रमांक, सी३ ०० ००. यात रॅमला हातच लागत नाही. एलईडीवर एकाआड एक दिवे लागले तर प्रोसेसर, घड्याळ, रॉम आणि पोर्ट ठीक. पुढची चौदा बाइटची: ३१ ०० ८८ सीडी ०डी ०० ३ई एए डी३, पोर्ट, सी३ ०ए ०० सी९. ही ८८०० वर स्टॅक ठेवून एक कॉल करते आणि परत आली तरच एए दाखवते. पहिली चालते आणि दुसरी नाही, तर रॅम किंवा तिचं डिकोडिंग. दोन्हींतल्या सगळ्या सूचना ८०८५ लाही कळतात, तेव्हा कॉलेजच्या किटवरही चालतील.

सिरियलवर कचरा येत असेल तर ‘यू’ हे अक्षर, म्हणजे ५५, सलग पाठवा. त्यातही कचरा आला तर बॉड रेट. आरसी२०१४ चं घड्याळ ७.३७२८ मेगाहर्ट्झ; ६८बी५० या सिरियल चिपमध्ये ६४ ने भागलं की बरोबर ११५२०० होतात. ‘यू’ नीट आणि पुटचारमधून कचरा, तर सहावी तपासणी.

सात बाइटही चालले नाहीत तर वीज बंद करून मल्टिमीटर घ्या. वेट, इंट, एनएमआय आणि बसरिक्वेस्ट या पिना १० किलोओहमने ५ व्होल्टला ओढलेल्या हव्यात. मोकळी सोडलेली एक पिनसुद्धा पुरते. रीसेट घड्याळाचे किमान तीन पूर्ण ठोके खाली राहायला हवा.

शेवटची चाचणी: रॉम काढा आणि डेटाच्या आठही तारा प्रत्येकी १ किलोओहमने जमिनीला ओढा. प्रोसेसरला सगळीकडे ०० म्हणजे नॉप, काहीच न करणारी सूचना, दिसते आणि तो पत्ते मोजत सुटतो. ४ मेगाहर्ट्झला एक नॉप १ मायक्रोसेकंदाचा, म्हणून ए१५ वरचा एलईडी सेकंदाला सुमारे १५ वेळा लुकलुकतो. ऑसिलोस्कोपवर ए१५ तुटक दिसला तर घाबरू नका: प्रत्येक सूचनेच्या उत्तरार्धात रिफ्रेशसाठी वरच्या पत्त्यांवर आय रजिस्टर येतं, आणि रीसेटनंतर ते शून्य असतं. लुकलुकतच नसेल तर दुसरी चिप लावून बघा. झायलॉगने झेड८४सी०० च्या शेवटच्या ऑर्डरी जून २०२४ पर्यंतच घेतल्या, तेव्हापासून बाजारात काढलेल्या आणि नाव बदलून छापलेल्या चिपा वाढणार हे उघड आहे. विकत घेताना दुकानातच तपासून मिळते का विचारा.

कुठे थांबायचं

कंपायलर स्वतःच ‘इंटर्नल एरर’ सांगून कोसळला तर तुमच्या बाजूने शोधायला काही उरत नाही. कोड छाटत छाटत वीस-तीस ओळींवर आणा, आवृत्ती आणि पूर्ण आज्ञा जोडा आणि एसडीसीसीच्या बग नोंदीत टाका. सी योग्य आहे पण असेंब्ली चुकीची निघते, असं तुम्ही सूचनेनिशी दाखवू शकत असाल तेव्हाही हेच करा. दाखवू शकत नसाल, तर अजून सहावी तपासणी पूर्ण झालेली नाही.

किटचा पॉवर सप्लाय उघडू नका. आतल्या २३० व्होल्टच्या बाजूचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात. ५ व्होल्टची तार ४.७५ च्या खाली किंवा ५.२५ च्या वर दिसली की तो सप्लाय दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. कॉलेजचा किट डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेला असतो, त्यातली सोल्डर केलेली चिप स्वतः काढू नका. लॅब असिस्टंटला सांगा. जुन्या २७६४ ला लिहायला २१ व्होल्ट लागतात, २७६४ए ला १२.५. चिपवरचा ‘ए’ पुसट झाला असेल आणि खात्री नसेल, तर अंदाजाने व्होल्टेज लावू नका. प्रोग्रामर बाळगणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडून लिहून घ्या. आणि नॉपची चाचणी दुसऱ्या, चांगल्या चिपनेही फसली, तर दोष बोर्डाच्या तांब्यात आहे: तडा गेलेला ट्रॅक किंवा आतल्या थरातला तुटका जोड. हे काम ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाचं.